जमनानं न दिलेला शब्द

डहाणूच्या कॉलेजात नाट्यविभाग आहे म्हटलं की बाहेरची माणसं आधी हसतात. चिकू आणि मासळीच्या गावात नाटकं कोण करणार, असं त्यांना वाटतं. हसू द्या बापड्यांना. विभाग म्हणजे खरं तर जिन्याखालची एक खोली, दोन पत्र्याच्या पेट्या, एक पाठारेसर आणि दरवर्षी बदलणारी वीस-बावीस पोरं. हंगाम मात्र भरगच्च. ऑगस्टात युवा महोत्सवाची एकांकिका, डिसेंबरात स्नेहसंमेलनाचं दोन अंकी नाटक आणि फेब्रुवारीत पोरांचे प्रयोग घेऊन गावोगाव फिरणं. या धबडग्यात एकोणीस वर्षं न बदललेलं माणूस, सर सोडले तर, एकच होतं. प्रॉम्प्टर जमना वरठा.

कागदावर जमना ग्रंथालयाची शिपाई. पुस्तकं लावायची, धूळ झटकायची, पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडे डोळे वटारून बघायचं. एका वर्षी ऐन प्रयोगाच्या दिवशी प्रॉम्प्टिंग करणाऱ्या पोराला कावीळ झाली आणि पाठारेसर ग्रंथालयात धापा टाकत आले, जमनाताई, वाचता येतं ना, म्हणून. दहावी पास बाईला, आणि तीही ग्रंथालयात बसलेली, असं विचारतात का? तिला मनस्वी राग आला. त्या रागातच ती विंगेत जाऊन बसली, आणि पडदा पडायच्या आत सगळ्यांना कळून चुकलं की या बाईच्या घशात काहीतरी वेगळं आहे. तिचं कुजबुजणं ज्याच्या कानाला हवं त्याच्याच कानाला पोचायचं. पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

हे ती कुठं शिकली ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. ती वाढली चिकूच्या वाडीतल्या राखणदाराच्या खोलीत, आईबरोबर. आईचं दिवसभर एकच पालुपद, हळू बोल, आपण इथं राहतो हे चार माणसांना कळायची गरज नाही. बारा वर्षांची पोर होती, खेळताना सुद्धा हळू बोलायची. पुढं नोकरी लागली, डहाणू रोडला स्टेशनजवळ खोली घेतली, तरी आवाज तसाच राहिला. लग्न तिनं केलं नाही. आईला एकटं टाकून जायचं नाही, एवढंच कारण ती सांगायची आणि विषय बदलायची.

प्रॉम्प्टिंगचे तिचे दोन नियम होते. नट थांबला की मनात मोजायचं. तीनपर्यंत तो अभिनय करतोय, चारला तो विसरलाय. आणि द्यायचा तो फक्त पहिला शब्द. जास्त दिलं की पोर पांगळं होतं, असं तिचं ठाम मत. पहिला शब्द हातात पडला की पुढचं वाक्य पोर स्वतः ओढून आणतं. एकोणीस वर्षांत तिचा शब्द चुकला नाही की उशिरा आला नाही. तिला याचा अभिमान होता, आणि का नसावा?

आता कॉलेजात कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगायला हवी. जमना मूळची तलासरी तालुक्यातल्या झरीची. ती बारा वर्षांची असताना शेजारच्या काकड्याचा धाकटा पोर, पाच वर्षांचा लाहू, दुखण्यानं चार दिवसांत गेला. पोराला माती दिली त्याच संध्याकाळी काकड्या अंगणात उभा राहिला, जमनाच्या आईकडे, बुधीबाईकडे, बोट दाखवलं आणि एक शब्द बोलला. भुताळी. म्हणजे करणी करणारी, दुसऱ्याचं पोर खाणारी बाई. जमनाचा बाप आधीच वारलेला, भाऊ नाही; बाजू घेऊन बोलणारं घरात कुणी नव्हतं. पहिला दगड कुणी उचलला हे जमनाला आठवत नाही, आईच्या कानामागून रक्त आलेलं तेवढं आठवतं. पहाटे मायलेकी नेसत्या कपड्यांनिशी निघाल्या, तलासरीपर्यंत चालत आणि तिथून एसटीनं डहाणूला. त्याला एकतीस वर्षं झाली. बुधीबाईनं झरीचं नाव पुन्हा घेतलं नाही आणि तो शब्द त्यांच्या घरात कुणी काढला नाही. टीव्हीवर बातमीत आला तर जमना आधी रिमोट शोधायला धावायची.

तर अशी ही जमना. तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयाचं नवं कार्ड करताना तिनं एका पोराचं नाव लिहिलं, रूपेश, राहणार झरी, आणि बापाचं नाव विचारलं तर ते काकड्याच्या थोरल्या पोराचं निघालं. काकड्याचा नातू! त्याला छळायचं तिनं ठरवलं होतं, खोटं कशाला बोला. दोन आठवडे त्याला एक पुस्तक धड मिळू दिलं नाही. पण पोर असं, की आपणच शिडीवर चढून तिची पुस्तकं लावून द्यायचं, तालमीनंतर तिची पिशवी घेऊन रिक्षापर्यंत यायचं, सारखं मावशी मावशी करायचं. रंगमंचावर उभं राहिलं की बघणाऱ्याची नजर हटायची नाही. ज्याच्या आजानं आपल्याला देशोधडीला लावलं त्याच पोराचे संवाद ती जिवापाड सांभाळायला लागली, आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडायची.

यंदाची एकांकिका पाठारेसरांनी स्वतः लिहिली होती, 'पाड्याबाहेर'. वर्तमानपत्रातल्या कुठल्याशा बातमीवरून सुचलेली. गावात पोर मरतं, गाव एका बाईला चेटकीण ठरवतं आणि हाकलून देतं. पहिल्या वाचनाला जमनानं कागदावरून मान वर केली नाही. सरांना काही माहीत नव्हतं, असणार तरी कसं? त्या बाईचं काम कविता नावाची पोर करणार होती आणि मेलेल्या पोराच्या बापाचं रूपेश. त्याचं सगळ्यात मोठं वाक्य होतं, चेटकीण आहे ही, माझं पोर हिनं खाल्लं. त्यावर कविता विचारणार, मी काय केलं?

ऑगस्ट पार पडला. डिसेंबरात स्नेहसंमेलनातही दोन अंकी नाटकाआधी ती एकांकिका झाली. चेटकीण हा पुस्तकातला शब्द, लहान मुलांच्या गोष्टीतला; रूपेश तो खणखणीत म्हणायचा आणि टाळ्या घ्यायचा. विंगेत जमना श्वास रोखून का होईना, निभावून नेत होती. माशी शिंकली ती फेब्रुवारीत. हंगामाचा शेवटचा प्रयोग तलासरीला ठरला, आसपासच्या पाड्यांतली माणसं येणार म्हणून, आणि सरांच्या डोक्यात आलं की तिकडं चेटकीण कोण म्हणतं? त्यांनी पेन्सिलीनं तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, भुताळी. चुटकीसरशी काम झालं. एका शब्दाच्या जागी दुसरा आला, एवढंच त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून रूपेश त्या जागी अडकायला लागला. बोट उगारायचा, तोंड उघडायचा, आवाज नाही. सर समोर खुर्चीत बसलेले असायचे, ते स्वतःच तो शब्द ओरडून सांगायचे, मग तो कसाबसा पुढचं म्हणून मोकळा व्हायचा, पण तो शब्द गिळूनच. पाठांतर ढिलं झालंय, परीक्षेचं टेन्शन आहे, असं सर म्हणत. टेन्शन म्हणे! झरीच्या पोराच्या तोंडून समोर बसलेल्या बाईकडे बोट करून तो शब्द का निघत नाही, हे त्या हॉलमध्ये एकट्या जमनाला कळत होतं. कारण ती खोटी खोटी बाई असली तरी बोट खरं असतं. आणि पुढचंही तिला दिसत होतं. प्रयोगात सर समोर बसत नाहीत. तिथं रूपेश अडकला तर शब्द प्रॉम्प्टरनं द्यायचा, आणि त्या वाक्याचा पहिला शब्द तोच होता. तो तिच्या तोंडून जाणार होता.

तिनं धीर करून सरांना गाठलं. चेटकीणच राहू द्या म्हणाली. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, का म्हणून विचारलं. आता काय सांगणार? माझ्या आईला म्हणत होते, असं सांगायचं? उद्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर तेच चघळलं जाणार. ती एवढंच म्हणाली, "सर, आमच्याकडे तो शब्द एकदा तोंडातून निघाला की परत तोंडात जात नाही."

सर खूश झाले. वा, म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. माणूस वाईट नाही हो, पण नाटकवाल्यांना दुसऱ्याचं दुखणंसुद्धा वाक्य म्हणून ऐकू येतं. शब्द काही बदलला नाही.

प्रयोगाच्या चार दिवस आधी रिक्षाची वाट बघताना रूपेशनं आपणच विषय काढला. "मावशी, आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. आजानं एकदा काढला होता म्हणे. मग ती बाई कुठं गेली कुणाला माहीत नाही. आजा त्यावर बोलत नाही."

जमनाला वाटलं सगळं सांगून टाकावं, त्याच्या तोंडावर. तिनं विचारलं ते भलतंच. "आजा येणारेय का तलासरीला?"

"येणार ना. पुढची खुर्ची सांगून ठेवलीय त्याच्यासाठी."

तिनं त्या दिवशी पिशवी त्याच्या हातात दिली नाही. त्याला वाईट वाटलं हे तिला दिसलं, पण इलाज नव्हता.

घरी आली तर निराळाच घोळ. तलासरीच्या प्रयोगासाठी कविताला जुन्या पद्धतीचं लुगडं हवं होतं म्हणून ती खोलीवर येऊन गेली होती, आणि बोलघेवडी पोर, लुगड्याबरोबर नाटकाची सगळी गोष्ट म्हातारीला सांगून गेली होती. बुधीबाई भाकरी थापत बसली होती. तव्यावरून नजर न काढता तिनं सांगितलं की तीही येणार. जमनानं नाना सबबी काढल्या. टेम्पोत जागा नाही, ऊन फार आहे, तुझे गुडघे दुखतात, तिकडं बसायला सतरंजीच आहे. काकड्या येणार हे मात्र तिच्यानं सांगवेना. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की टेम्पोत जागा नसली तर ती एसटीनं येईल. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच जमनाला जास्त भीती वाटली.

प्रयोग दुपारी चारचा होता. तलासरीतल्या एका संस्थेचं सभागृह, पत्र्याचं छप्पर, आत उकाडा मी म्हणत होता. माणसं मात्र लोटली होती. पुढं सतरंज्यांवर बायका आणि पोरं, कडेला म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. जमना विंगेतल्या स्टुलावर बसली. काळ्या पडद्याच्या फटीतून तिला आई दिसली, अगदी पुढं, पाय मुडपून बसलेली. आणि आईपासून चार हातांवर खुर्चीत पांढरी टोपी घातलेला, वाळून कोळ झालेला काकड्या दिसला. तो आपल्या नातवाची वाट बघत रंगमंचाकडे डोळे लावून होता, खाली कोण बसलंय याची त्याला खबर नव्हती. म्हातारीनं मात्र त्याला ओळखलं होतं. कारण ती रंगमंचाकडे बघतच नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती.

नाटक सुरू झालं. पोरं झकास करत होती. कुणी अडलं नाही, जमनाला ओठ हलवावा लागला नाही. दर पानाला ती मनातल्या मनात गावदेवाला हात जोडत होती, आज एवढ्या वेळेला त्या पोराची जीभ सुटू दे, माझ्यावर आणू नको. पान उलटताना बोटांचा घाम कागदाला लागत होता. तेरावं पान आलं. कविता गुडघ्यांवर बसली, रूपेश तिच्यासमोर आला, त्यानं बोट उगारलं. आणि तो थांबला.

एक. दोन. तीन. इथवर अभिनय.

चार. जमनाच्या ओठांवर भ आला आणि तिथंच राहिला. पाच. रूपेशनं मान न वळवता डोळे तेवढे विंगेकडे फिरवले. मावशी, दे. असले डोळे तिनं एकोणीस वर्षं बघितले होते, आणि एकदाही रिकामे परत पाठवले नव्हते. सहा. पानावर पेन्सिलीचा शब्द होता, फटीत आईचं कपाळ होतं. शब्द दिला तर आईकडे तो आपल्या तोंडून जाणार, काकड्याच्या नातवाच्या हातात तो आपणच ठेवणार. नाही दिला तर हे पोर गावासमोर, आजासमोर तोंडघशी पडणार, आणि पोर तर आता पोटचं असावं तसं झालं होतं. सात. आठ. पलीकडच्या विंगेत सर हातवारे करत होते. मागं कुणीतरी हसलं. कविता मान वर करून वाट बघत होती. नऊ. दहा. जमनाचे डोळे भरून आले, तिला पान दिसेनासं झालं आणि शब्द काही केल्या निघेना.

"भुताळी."

आवाज समोरून आला. मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. बुधीबाई बसल्या जागेवरून मान वर करून रूपेशला सांगत होती, पाढा विसरलेल्या पोराला सांगावं तसं. "भुताळी आहे ही. माझं पोर हिनं खाल्लं. असं आहे ते, बाळा. मला पाठ आहे."

रूपेशचं बोट तसंच वर राहिलं. कविता बिचारी नाटकातच होती; आपल्या आधीचं वाक्य संपलं एवढंच तिला कळलं, आणि सवयीनं तिचं पुढचं वाक्य तोंडून निघून गेलं. "मी काय केलं?"

तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. झरीहून आलेली माणसं आधी बुधीबाईकडे आणि मग एकेक करत खुर्चीकडे बघायला लागली. काकड्या पुढं वाकला होता. डोळ्यांना नीट दिसत नसावं, पण आवाज त्यानं ओळखला होता. "बुधी?" म्हणाला. जमना विंगेतून उठून पडद्याबाहेर आली होती, प्रॉम्प्टरनं दिसायचं नसतं हे ती विसरून गेली होती.

"ताप होता लाहूला," काकड्या म्हणाला.

"हो," बुधीबाई म्हणाली. "तीन रात्री त्याच्या कपाळावर ओलं फडकं मीच ठेवत होते. तू दमून झोपायचास म्हणून."

रूपेशनं बोट खाली घेतलं. फडक्याचं हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. जमना एकतीस वर्षांत ते पहिल्यांदा ऐकत होती.